नाताळ आणि अन्यधर्मीय शेजारी : घेणाऱ्या हातांचे ईशज्ञान

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांत दानधर्माची तयारी सुरू होते. गरिबांसाठी धान्य गोळा होते, रुग्णांना फळे वाटली जातात, मुलांना कपडे दिले जातात. प्रवचनांचा रोखही बहुधा 'द्या' या एकाच शब्दावर असतो. यात वावगे काही नाही. परंतु शेजारधर्माला दोन बाजू असतात. एक देण्याची आणि दुसरी घेण्याची. पहिल्या बाजूवर आपण पुष्कळ बोलतो व लिहितो. दुसऱ्या बाजूचा विचार धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचितच होतो. अन्यधर्मीय शेजारी सणासुदीला प्रेमाने जे काही आपल्या दारी आणतो, ते ख्रिस्ती माणसाने कोणत्या भावनेने स्वीकारावे? नाताळच्या रहस्याशी या स्वीकाराचा काही संबंध आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विचार हवेत तरंगू नये म्हणून उत्तर गोव्यातील पेडणे तालुका आणि त्याच्या आसपासचा प्रदेश आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे.

१. पेडण्याची भूमी

इब्रामपूर हे गाव पेडणे तालुक्याच्या आतील भागात, महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्याच्या सीमेलगत आहे. गावाचे नाव उच्चारताच इब्राहिम, म्हणजे आपण ज्याला विश्वासाचा पिता म्हणतो तो आब्राहाम, आठवल्यावाचून राहत नाही. मम्रे येथे भर दुपारी तंबूच्या दारात बसलेल्या आब्राहामाने तीन अनोळखी वाटसरूंना धावत जाऊन सामोरे घेतले, पाय धुण्यास पाणी दिले, भाकर व वासराचे मांस त्यांच्यापुढे ठेवले (उत्पत्ती १८). त्या आतिथ्यातूनच देवाचे वचन त्याच्या घरात आले. नावाचा हा योग असा, तर वस्ती बहुतांशी हिंदू. घरात कोकणी बोली, तर भजन-कीर्तनात आणि जुन्या पिढीच्या शिक्षणात मराठी. सीमेपलीकडे सावंतवाडी व दोडामार्ग, म्हणजे सन २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताचा प्रदेश. सोयरीक, बाजार आणि जत्रा या सीमेला जुमानीत नाहीत.

या भागात ख्रिस्ती माणूस संख्येने अल्प का, याचे उत्तर इतिहासात आहे. पोर्तुगिजांनी तिसवाडी १५१० मध्ये घेतली; बार्देस व सासष्टी त्यांच्याकडे १५४३ मध्ये आली. गोव्यातील मोठ्या प्रमाणावरील धर्मांतरे सोळाव्या शतकात याच जुन्या काबिजादीत झाली. डिचोली व सत्तरी हे प्रदेश १७८१-८२ च्या सुमारास, आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने पोर्तुगीज सत्तेखाली आले. तोपर्यंत राज्यकर्त्यांचे धोरण बदलले होते. नव्या काबिजादीतील रयतेची देवळे व रीतिरिवाज यांना हात लावला जाणार नाही, असे आश्वासन दिले गेले. म्हणून मांडवीच्या मुखाजवळील गोवा व पेडण्याचा गोवा यांच्या चेहऱ्यांत फरक दिसतो. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण गोव्यात हिंदू सुमारे ६६ टक्के व ख्रिस्ती सुमारे २५ टक्के होते. पेडण्यात हरमल, मांद्रे यांसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत व पेडणे शहरात आपली चर्चे आहेत. आत डोंगराकडे जाल तसा गावाचा मध्यबिंदू म्हणजे ग्रामदेवतेचे देऊळ.

इतिहासाचे दुसरे पानही धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने मिटून ठेवता कामा नये. बार्देस व सासष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, आणि भाविकांनी आपल्या देवता नदीपार सुरक्षित स्थळी नेल्या. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक परिषदेने ख्रिस्ती व अख्रिस्ती यांच्या परस्परसंबंधांवर अनेक निर्बंध घातले. १५६० मध्ये सुरू झालेले धर्मन्यायासन १८१२ पर्यंत टिकले. १७३६ च्या त्याच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती घरांत पाळल्या जाणाऱ्या हिंदू चालीरीतींना बंदी केली, आणि त्या बंदीच्या यादीत अंगणातील तुळस व अंगावरचा पोशाख येथपर्यंतच्या बाबी होत्या. या यादीवरून दोन गोष्टी उघड होतात. एक, दोन समाजांतील सीमा अंगण, स्वयंपाकघर व पेहराव यांतून आखण्याचा प्रयत्न झाला. दोन, दोनशे वर्षांच्या दडपणानंतरही तशी बंदी घालावी लागली. जे घडतच नाही त्याला बंदी कोण करतो? शेजार टिकून होता, आणि अधिकाऱ्यांना तो टोचत होता.

२. ताटांची ये-जा

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळनिमित्त गोड पदार्थांचे ताट शेजारीपाजारी पाठविण्याची रीत आहे. तिला पोर्तुगिजांकडून आलेला 'कोन्सुआद' हा शब्द रूढ आहे. दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, दोस, पिनाग, बेबिंक असे पदार्थ त्यात असतात. हे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते तसेच हिंदू व मुसलमान शेजाऱ्याकडेही जाते. चवथीला हिंदू घरांतून नेवऱ्या व मोदक, आणि दिवाळीच्या पहाटे पोह्यांचे नाना प्रकार ख्रिस्ती घरी येतात. ईदला मुसलमान घरातून शिरखुर्मा येतो.

जरा बारकाईने पाहिले तर या ताटांतील पदार्थच आपली नाती सांगतात. नाताळची नेवरी ती चवथीची नेवरी. पिठाची पारी तीच, आत खोबऱ्याचे गोड सारणही बहुधा तेच. हळदीच्या पानात उकडलेली पातोळी हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदाच्या सणांना होते, आणि ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला. दिवाळीचा आकाशकंदील व नाताळची चांदणी दोन्ही बांबूच्या कामट्या व रंगीत कागद यांचीच. पुष्कळ ठिकाणी दोन्ही बांधणारे हातही तेच असतात. चुलीजवळ आणि अंगणात लोक एक राहिले, हे शास्त्रीबुवांच्या ग्रंथांपेक्षा या पदार्थांवरून अधिक कळते.

दुःखाच्या घरी या रीतीचा अर्थ विशेष उमगतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, तेथे सणाचे गोडधोड केले जात नाही. हा संकेत हिंदू घरांत आहे, तसाच ख्रिस्ती घरांतही पाळला जातो. त्या घरी सण येतो तो शेजाऱ्याच्या ताटातून. तेथे ताट ही औपचारिकता उरत नाही. 'तुमच्या घरी यंदा चूल पेटली नाही, हे आमच्या लक्षात आहे,' एवढे ते न बोलता सांगते.

ताटाइतकाच प्राचीन असा जागराचा दुवाही या प्रदेशात आहे. शापोरा नदीच्या एका तीरावर पेडणे, तर दुसऱ्या तीरावर बार्देसातील शिवोली. शिवोलीचा जागोर नाताळानंतरच्या सोमवारी होतो. गावाचा राखणदार मानलेल्या जागोऱ्याच्या नावाने होणाऱ्या या रात्रीच्या उत्सवात हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे मिळून भाग घेतात. दिवे आणि मेणबत्त्या एकाच स्थळी लागतात. बेथलेहेमाजवळ मेंढपाळ रात्री कळपाची राखण करीत जागत होते (लूक २:८) हे वाचून आपण मध्यरात्रीच्या मिस्सेला जमतो. त्यानंतर काही दिवसांतच शेजारचे गाव आपल्या राखणदाराच्या नावाने पुन्हा जागते.

म्हापशाची मिलाग्रीस माता आणि डिचोली तालुक्यातील शिरगावची लईराई या बहिणी आहेत, अशी लोकांची समजूत आहे. सात बहिणींच्या या कथेत पेडणे तालुक्यातील मोरजीची मोरजाई ही आणखी एक बहीण. मिलाग्रीस मातेचा सण पास्कानंतर दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी होतो, आणि त्यास हिंदू भाविकांची गर्दी असते. शिरगावहून तेल म्हापशास आणि म्हापशाहून मोगऱ्याची फुले शिरगावास जाण्याची परंपरा सांगितली जाते. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने पवित्र मरिया ही नाझरेथची कन्या व देवमाता आहे, आणि त्या श्रद्धेची जागा लोककथा घेऊ शकत नाही. पण धर्मशिक्षकाने या कथेची टिंगल करू नये. धर्मांतराने ज्या घराण्यांची ताटातूट झाली, त्यांनी 'आमची दैवते वेगळी झाली तरी आपण एका आईची लेकरे' ही गोष्ट कथेच्या भाषेत जपून ठेवली, असा तिचा अर्थ आम्हांस दिसतो. सिद्धांत म्हणून ती आपल्याला मान्य नाही. आठवण म्हणून मात्र ती मोलाची आहे.

३. पवित्र शास्त्रातील घेणारे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देणारा वरच्या पायरीवर असतो व घेणारा खालच्या, असे आपण गृहीत धरतो. म्हणून ख्रिस्तसभेने नेहमी देत राहावे आणि इतरांनी घेत राहावे, असे चित्र नकळत आपल्या मनात घर करते. पवित्र शास्त्रात पाहिले तर हे चित्र टिकत नाही.

नाताळच्या कथेतच पाहा. पहिली भेट आणणारे मागी हे पूर्वेकडून आलेले परके लोक होते. इस्राएलाच्या कराराबाहेरचे, तारे पाहून वाट शोधणारे. त्यांनी आणलेले सोने, ऊद व गंधरस त्या घराने घेतले (मत्तय २:११). 'आधी आमचे नियम स्वीकारा, मग तुमची भेट स्वीकारू,' असे मरिया म्हणाली नाही. दर वर्षी प्रकटीकरणाच्या सणाला आपण ही कथा वाचतो आणि मागींच्या श्रद्धेची वाखाणणी करतो. त्यांच्या भेटी निमूटपणे घेणाऱ्या पवित्र कुटुंबाकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

हीच रीत पुढे चालू राहते. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला देवाने सीदोन प्रांतातील सारफथ येथील एका विधवेकडे पाठविले, आणि तिच्या मूठभर पिठावर तो जगला (१ राजे १७). याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले. यहुदी व शोमरोनी यांच्यात व्यवहार नसताना तिच्या भांड्यातले पाणी पिण्यास तो तयार झाला, याचेच तिला नवल वाटले (योहान ४:९). त्या नवलातून संवाद सुरू झाला. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेला तो जखमी मनुष्य कोण? येशूच्या श्रोत्यांनी स्वतःला त्याच्या जागी पाहावे, अशीच त्या दाखल्याची रचना आहे. ज्याच्या हातचे घेणे नको वाटते, त्याच्याच हातून तेल, द्राक्षारस आणि जीव मिळतो (लूक १०:२५-३७). जहाज फुटून माल्टा बेटावर पोहोचलेल्या संत पौलाला व त्याच्या सोबत्यांना तेथील परक्या रहिवाशांनी पावसात व थंडीत शेकोटी पेटवून आसरा दिला. त्यांच्या असामान्य माणुसकीची नोंद प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने मुद्दाम केली आहे (२८:२).

सुवार्तेसाठी पाठविलेल्या शिष्यांना येशूने दिलेली आज्ञाही ध्यानात घ्यावी. ज्या घरात तुमचे स्वागत होईल तेथे राहा, आणि ते जे तुमच्यापुढे वाढतील ते खा (लूक १०:७-८). म्हणजे पाहुणचार स्वीकारणे हा प्रेषितकार्याचा भाग आहे. आणि न्यायाच्या दिवसाच्या त्या प्रसिद्ध वर्णनात राजा कोठे उभा आहे? भुकेल्याच्या, तान्हेल्याच्या, परक्याच्या जागी; म्हणजे घेणाऱ्याच्या जागी (मत्तय २५:३५). शिष्य म्हणून तुम्हांला जो पेलाभर पाणी पाजील तो आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही (मार्क ९:४१), हे वचन तर पाणी देणाऱ्या शेजाऱ्यासाठी आहे.

देहधारणाच्या रहस्याचा गाभा येथेच आहे. सर्व काही ज्याच्याकडून आले तो शब्द देहधारी होऊन आला, तो बालक होऊन. बालक देत नाही, घेते. आईचे दूध, बाळंते, गव्हाणीतले गवत, योसेफाचा आधार, परक्यांच्या भेटी आणि पुढे मिसर देशातील आश्रय. हे सारे त्याने घेतले. स्वतःला रिक्त करणे (फिलिप्पै २:७) याचा एक अर्थ असा की, ज्याला कोणाची गरज नव्हती त्याने माणसांची गरज असणारी स्थिती पत्करली. म्हणून जो ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याच्या हातचे प्रेमाने घेऊ शकत नाही, त्याला गव्हाणीपुढे गुडघे टेकूनही नाताळचा अर्धाच अर्थ कळलेला असतो.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

हा विचार ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी सुसंगत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख करून, या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असा आशय मांडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या 'आद जेंतेस' या आदेशाने लोकांच्या परंपरांत दडलेली शब्दाची बीजे आनंदाने व आदराने शोधण्यास सांगितले. 'गौदियुम एत स्पेस' या संविधानात देहधारणाचा अर्थ विशद करताना म्हटले आहे की, देहधारी झालेल्या देवपुत्राने एका अर्थी प्रत्येक मनुष्याशी स्वतःला जोडून घेतले. येथे 'प्रत्येक' या शब्दाला वजन आहे. त्यात चवथीची नेवरी घेऊन आलेला शेजारीही येतो.

१९९१ मध्ये रोमहून निघालेल्या 'संवाद आणि उद्घोषणा' या दस्तऐवजाने आंतरधर्मीय संवादाचे चार प्रकार सांगितले: जीवनाचा संवाद, कृतीचा संवाद, ईशज्ञानविषयक देवघेवीचा संवाद आणि धार्मिक अनुभवाचा संवाद. यांपैकी तिसरा तज्ज्ञांचा आहे. पहिला मात्र सर्वांचा. सुखदुःखे, अडचणी आणि दैनंदिन काळज्या वाटून घेत मोकळ्या शेजारभावनेने जगणे, असे त्याचे स्वरूप. इब्रामपूरच्या वाटेवरील एखादी ख्रिस्ती गृहिणी परिषदेचे एकही पान न वाचता हा संवाद रोज करीत असते. तिला तो नव्याने शिकविण्यापेक्षा, ती जे करीत आहे त्याला ख्रिस्तसभेत मानाचे स्थान आहे, हे तिला सांगणे हे आपले काम आहे. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचे दुसरे प्रकरण संपूर्णपणे चांगल्या शोमरोन्यावर आहे, हेही धर्मशिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

गोव्यात या शिकवणीला एक जुना दाखला आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी तारणाचा इतिहास मराठीत गायिला. ओवीचा छंद, पुराणाची घडण आणि 'वैकुंठ' यासारखे शब्द त्यांनी येथल्या संतकवींच्या परंपरेतून घेतले. ज्या काळात देवळे पाडली गेली होती त्याच काळात एका धर्मगुरूने शेजाऱ्याची भाषा हात पुढे करून घेतली, आणि त्या भाषेतच येथल्या लोकांनी येशूजन्माची कथा ऐकली. १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमाने स्थानिक भाषा मोडून काढण्याचे धोरण पत्करले. ज्यांनी भाषा घेतली त्यांचे काम आज मराठी वाङ्मयाचे भूषण आहे. ज्यांनी ती नाकारली त्यांचा हुकूम केवळ इतिहासाच्या पुस्तकात उरला आहे.

५. व्यवहारातील काही प्रश्न

तत्त्व मान्य झाले तरी धर्मग्रामात प्रश्न उभे राहतातच. वारंवार विचारले जाणारे काही येथे घेतो. आमची उत्तरे मार्गदर्शनापुरती आहेत. ज्या त्या धर्मप्रांताच्या महागुरूंच्या सूचना प्रमाण मानाव्यात.

(अ) नैवेद्य दाखविलेले अन्न खावे काय? हा प्रश्न जुना आहे. यरुशलेमच्या परिषदेने मूर्तीला अर्पिलेल्या पदार्थांपासून दूर राहण्यास सांगितले (प्रेषितांची कृत्ये १५:२९). करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत संत पौलाने त्याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मूर्तीच्या वेदीवरील पूजेत सहभागी होणे ख्रिस्ती माणसाला शक्य नाही. परंतु कोणी जेवावयास बोलाविले तर विवेकाच्या शंका न काढता पुढे वाढलेले खावे. आणि 'हे अर्पिलेले आहे' असे कोणी मुद्दाम सांगितले तर त्या माणसाच्या विवेकाचा विचार करावा. येथे पौल दोन गोष्टींत फरक करतो: पूजेतील सहभाग आणि पंगतीतील सहभाग. शेजारीण जेव्हा चवथीची नेवरी घेऊन येते तेव्हा ती आपल्याला पूजेस बसवीत नाही. ती आपल्याला आपले मानते. ते दोन्ही हातांनी घ्यावे, आणि अन्नाचा दाता एकच असे जाणून देवाचे आभार मानावेत. एखाद्याचा विवेक त्याला परवानगी देत नसेल तर त्याने खाऊ नये. पण शेजाऱ्याचा अपमान होईल असे वागू नये, आणि खाणाऱ्या धर्मबंधूला दोष देऊ नये. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच समतोल आहे.

(आ) आपल्या ताटात काय असावे? ज्याच्याकडे ताट जाते त्याचा आचार आधी ध्यानात घ्यावा. बेबिंकात व बहुतेक केकांत अंडी असतात. दोदोल व नेवरीत नसतात. पुष्कळ हिंदू घरांत सोमवार, गुरुवार वा एकादशीस आहाराचे नियम असतात. मुसलमान शेजाऱ्याकडे मद्य घातलेला केक पाठवू नये. जेथे शिजविलेले अन्न चालत नाही तेथे नारळ व केळी पाठवावीत; त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. 'आम्ही पाठविले, घेतले तर घेतले,' ही वृत्ती प्रेमाची नव्हे.

(इ) ताटाबरोबर धर्मपत्रिका ठेवावी काय? आमचे स्पष्ट मत असे की ठेवू नये. गेल्या काही वर्षांत देशाच्या काही भागांत नाताळच्या कार्यक्रमांकडे संशयाने पाहिले गेले, काही ठिकाणी त्यांत अडथळेही आणले गेले. गोड पदार्थाखाली हेतू दडविला आहे असे एकदा शेजाऱ्यास वाटले की नंतरचे प्रत्येक ताट तो उचलून पाहील. पण भीती हे आमचे मुख्य कारण नाही. भेट ही भेट असली पाहिजे, हे मुख्य कारण आहे. देवाने आपला पुत्र दिला तो कोणत्याही अटीवाचून. सुवार्तेची उद्घोषणा हे ख्रिस्तसभेचे कर्तव्य आहे आणि संवादाने ते रद्द होत नाही. तिची वेळ व तिची रीत मात्र वेगळी. आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असे संत पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१५). विचारणाऱ्याला उत्तर देण्यास धर्मशिक्षक सिद्ध असावा. न विचारणाऱ्याच्या ताटात उत्तर ठेवू नये.

(ई) मध्यरात्रीच्या मिस्सेला अन्यधर्मीय शेजारी आले तर? त्यांचे स्वागत करण्यासाठी दाराशी कोणी ओळखीचे माणूस असावे आणि त्यांना बसावयास नीट जागा मिळावी. पवित्र ख्रिस्तप्रसाद हा बाप्तिस्मा घेतलेल्या व तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी आहे, हे मिस्सेच्या आरंभी दोन साध्या व आदराच्या वाक्यांत सांगावे. रांगेत उभ्या राहिलेल्या पाहुण्यास वेदीपुढे थांबविण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो. मिस्सेनंतर गव्हाणीच्या दर्शनाला त्यांना मुद्दाम बोलवावे. ती सर्वांसाठी उघडी आहे. मागींसाठीही ती उघडीच होती.

(उ) ताट कोणाच्या दारी जात नाही? हा प्रश्न लोक विचारीत नाहीत. म्हणून आपण विचारला पाहिजे. वाड्यावरच्या प्रतिष्ठित शेजाऱ्याकडे ताट जाते. गावाबाहेरच्या वस्तीकडे, खाणीवर वा बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुराच्या झोपडीकडे ते वळते काय? आणि त्या घरातून काही आले तर ते आपण खातो, की दुसऱ्या कोणास देऊन टाकतो? गोव्यातील ख्रिस्ती समाजातही जातिभेद पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, हे नाकारता येत नाही. आपल्या देशात देण्यापेक्षा घेण्यातच विटाळ मानला गेला. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो तळ्यातील पाण्यासाठी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंच्या मनाला जी दीर्घ झुंज द्यावी लागली, तिच्यात कोणाच्या हातचे खावे-प्यावे हा प्रश्न मोठा होता, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना ठाऊक आहे. म्हणून ज्याच्या हातचे घेण्यास समाज कचरतो, त्याच्या हातचे घेणे ही या भूमीत विश्वासाची कबुली ठरते.

६. धर्मशिक्षकांसाठी

आगमनकाळाच्या चार आठवड्यांत धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय सहज घेता येईल. पहिल्या आठवड्यात मुलांना एवढेच विचारावे: 'वर्षभरात अन्यधर्मीय शेजाऱ्यांकडून तुमच्या घरी काय काय आले?' पदार्थ, मदत, आजारपणातील धावपळ, पावसाळ्यातील आसरा; उत्तरे फळ्यावर लिहावीत. आपण किती दिले याची यादी सर्वांना पाठ असते, किती घेतले याची कोणी केलेली नसते. दुसऱ्या आठवड्यात मागींची कथा घेणाऱ्यांच्या बाजूने वाचावी. तिसऱ्यात शोमरोनी स्त्रीची. चौथ्यात प्रत्येक मुलाने एका अन्यधर्मीय शेजाऱ्यासाठी, त्याचे नाव घेऊन, आभाराची प्रार्थना करावी. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट त्या प्रार्थनेत घालू नये. देवाने त्याच्या हातून आपल्याला जे दिले त्याबद्दल केवळ आभार.

आपल्याकडे एक चांगली चाल आहे. शेजाऱ्याकडून आलेले ताट रिकामे परत करीत नाहीत. घरात काहीच नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. त्यामागे हिशोब फेडण्याचा हेतू नसतो, कारण नेवऱ्यांची फेड साखरेने होत नाही. 'तुमचे आम्ही घेतले, आणि ये-जा चालू राहो,' एवढेच ती साखर सांगते. पेडण्यासारख्या प्रदेशात, जेथे आपण थोडे आहोत आणि आपल्या सणाचा आनंद पुष्कळसा शेजाऱ्यांच्या सद्भावावर अवलंबून आहे, तेथे ख्रिस्तसभेने ही चाल मनोभावे पाळावी. जी ख्रिस्तसभा कृतज्ञतेने घेण्यास शिकते, तिच्या देण्याविषयी कोणाला शंका उरत नाही.